तुमचे पिंड मी पळवले, अक्का

अक्का, तुमच्या दहाव्याला मी तुमचे पिंड उचलले आणि पळत सुटले. तिकडं वरपर्यंत ही बातमी कुणी ना कुणी पोचवलीच असेल, आपल्या गावात चुगल्यांना काय तोटा! पण सांगणाऱ्यानं तिखटमीठ लावूनच सांगितली असणार. म्हणून जिनं केलं तिच्याच तोंडून ऐका. केलं ते केलं. पश्चात्ताप वगैरे काही झालेला नाही.

तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले. तुमचा जन्म कुठला, माहेर कुठलं, किती पतवंडं, हे सगळं तुमच्या लेकानं, दत्तानं, मोठ्या फ्लेक्सवर छापलंय आणि तो एसटी स्टँडसमोर लावलाय. फोटोत तुम्ही हसताय. तुम्हाला एवढं हसताना मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मला त्या फ्लेक्सवरच्या बाईशी बोलायचं नाही. मला माझ्या थोरल्या जावेशी बोलायचंय, जी मला 'मंदे, येडी का खुळी' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करत नव्हती.

आपला ओढा म्हणजे वर्षातले दहा-अकरा महिने नुसता वाळूचा रस्ता. त्यात पोरं क्रिकेट खेळतात, शेळ्या बसतात, लग्नाचे मांडव पडतात, दहावे होतात. पाणी येतं ते इथल्या पावसाचं नव्हेच. गर्भगिरीच्या डोंगरात तिकडं कुठंतरी पडतो, आणि इकडं आपल्या अंगणात कडक ऊन, वाळत घातलेल्या मिरच्या, पावसाचा टिपूस नाही. अशा उन्हात ओढा येतो. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटतं. खोटं कशाला, आपल्याच माणसांना वाटतं.

तीस वर्षांपूर्वी लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते, आठवतं ना? आणि मग एका दुपारी वेशीकडून आरोळी उठली, "पानी आलं! पानी आलं!" दुसऱ्या मुलखात पूर आला की माणसं पळून जातात. आपण पाण्याकडं पळतो, हातात खण-नारळ घेऊन! मीही पळाले. लग्नात आलेली हिरवी साडी घाईघाईनं गुंडाळली आणि शेजारच्या शांताचा हात धरून वाळूत उतरले. घोटाभर पाणी होतं, मग पोटरीला लागलं. बायका ओटी सोडत होत्या, कुणी हळदीकुंकू वाहत होतं. तुम्ही काठावरून ओरडत होता. मला वाटलं, थोरलीला ओटीचा पहिला मान पाहिजे होता, तो मी घेतला म्हणून जळतेय! तुम्ही उतरलात, माझा अंबाडा मुठीत धरलात आणि मला फरफटत वर आणलंत. मी तुम्हाला शिवी दिली. ती पुरती तोंडाबाहेर पडायच्या आत वरून दुसरं पाणी आलं, माणसापेक्षा उंच, मुळासकट उपटलेल्या बाभळी घेऊन. बाकीच्या बायका काठाजवळ होत्या, त्या कशाबशा वर आल्या. शांता मधे होती.

शांताचा हात मी सोडला की तिनं माझा, हे मला अजून सांगता येत नाही. तुम्हाला एकीलाच ओढता येणार होतं. तुम्ही मला ओढलंत. मीच का, अक्का? जाऊ म्हणून, की मी जवळ होते म्हणून? हे विचारायला तीस वर्षं होती, आणि मी तुमच्याशी मिठावरनं, दारातल्या सांडपाण्यावरनं, दत्ताच्या बायकोवरनं भांडत बसले. त्या शिवीबद्दल माफीसुद्धा मागितली नाही.

त्यानंतर तुम्ही डोंगराकडच्या वरच्या वाडीला चालत गेलात. तिथं पाझर तलाव आहे. तो भरला की जादा पाणी सांडव्यावरून ओढ्यात पडतं, आणि सांडवा पडायला लागला की पाऊण तासात ते आपल्या गावात. हे गणित कुणा साहेबानं नाही शिकवलं, तुम्ही वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचार-विचारून काढलंत. दूध गोळा करणारा रामभाऊ दिवसातून चार वेळा तलावावरून जातो, त्याला तुम्ही भाऊ मानलंत, दर भाऊबिजेला ओवाळलंत, आणि बदल्यात एकच मागितलं. सांडवा पडला की सायकलवरून निरोप, आणि मोबाइल आल्यापासून फोन. मारुतीच्या देवळातल्या भोंग्याची किल्ली सरपंचाशी भांडून स्वतःच्या कमरेला लावलीत. आणि नियम घातलात. भोंग्यावर 'पाणी आलं' म्हणायचं नाही, नाहीतर गाव ओट्या घेऊन खाली पळतं. फक्त 'वर चढा' म्हणायचं. आणि वर चढताना आभाळाकडं बघायचं नाही.

भोंगा कैक वेळा वाजला. कैक वेळा पाणी आलंच नाही. आपली वाळू किती पिईल ते कुणाला सांगता येतं? कधी सगळं पाणी वाटेतच पिऊन टाकते, कधी थेंब घेत नाही. माणसं मुलंबाळं, म्हातारेकोतारे घेऊन देवळापर्यंत चढायची, तासभर बसायची आणि शिव्या देत उतरायची. तुमचं नाव पडलं भोंगाबाई. सगळ्यांबरोबर मीही हसले, अक्का. तुमच्या माघारी हसले आणि तोंडावर भांडले.

"अक्का, खात्री झाल्याबगर वाजवत जाऊ नका. गाव हसतंय. एक दिवस खरंच पाणी येईल आणि कुणी उठणार नाही."

"खात्री?" तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात. "खात्री पान्याबरुबरच येती मंदे. तवर आपुन कुटं आसू?"

"म्हणून काय रोज उठून डोंगर चढायचा?"

"चार येळा उगं चढलीस तर गुडघं दुखत्याल. त्याला माझ्याकं तेल हाय. न्हाई चढलीस तर त्याला काय हाय, सांग?"

मी भाकरी उचलून आपल्या चुलीकडं निघून गेले. हा वाद आपला कधी मिटला नाही. तुम्ही म्हणायचात वाजव, मी म्हणायचे थांबा.

आणि आता जे सांगायचंय ते तुमच्या जिवंतपणी सांगायला पाहिजे होतं. मागच्या वर्षी तुम्ही नगरला दवाखान्यात होता. किल्ली माझ्याकडं देऊन गेला होता. परतीच्या पावसाचे दिवस होते. दुपारी रामभाऊचा फोन आला, "मंदावैनी, सांडवा पडाया लागलाय, कवाचा ते ठावं न्हाई." मी अंगणात आले आणि आभाळाकडं बघितलं. निळंशार! त्या दिवशी पाटलाच्या वाड्यात त्यांच्या नातीचा साखरपुडा होता, पाहुणे पंगतीला बसले होते. म्हटलं, जेवत्या ताटावरून कुठं उठवायचं लोकांना? दहा मिनिटं थांबू, पूल बघून येऊ, खात्री करू. मी पुलावर पोचले आणि ओढा माझ्यासमोरून आला. सखूबाई शेळ्या घेऊन खाली होती. तिच्या तीन शेळ्या गेल्या. ती बाभळीला मिठी मारून लोंबकळत राहिली, हात मोडला, तो अजून वाकडा आहे.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आले आणि तुमच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. "रेंज नव्हती अक्का. फोनच आला न्हाई." तुम्ही कुशीवर वळलात. मग म्हणालात, "बरं. जरा पाठ खाजीव." मी पाठ खाजवली. किल्ली परत द्यायला काढली, तर तुम्ही हात आखडून घेतलात. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच." मला वाटलं, तुम्ही थकलात.

आता दहाव्याचं ऐका. आपल्या गावातल्या दहाव्याची शेड ओढ्यातच बांधलीय, हे तुम्हाला काय सांगायचं? तीन ग्रामसभांत तुम्ही घसा फोडलात, "मेल्याला पोचवाया जित्यास्नी खड्ड्यात का बसवता?" सगळे हसले आणि शेड झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी दत्ताला म्हटलं, "तुझ्या आईचा दहावा तरी वर, देवळापुढं घे."

"काकू, दहावा पाण्याकाठीच लागतो," तो म्हणाला. नगरात सावेडीला फ्लॅट घेतल्यापासून त्याला शास्त्र फार कळायला लागलंय.

"पाणी कुठंय पण ओढ्यात?"

"बॅरल भरून आणू."

आणलं, अक्का! खरोखर निळं बॅरल आणून वाळूत ठेवलं. तुमचा हार घातलेला फोटो वाळूत, खुर्च्या वाळूत, सतरंज्या वाळूत, आणि सगळं गाव त्यावर बसलेलं. महाराजांचं प्रवचन झालं. दगडावर पत्रावळीत पिंड मांडले. कावळा शेडच्या पत्र्यावर बसला होता, पण खाली यायचं नाव घेईना. म्हणून मधल्या वेळात भाषणं. एका पुढाऱ्यानं माईक घेतला आणि ओढ्याच्या मधोमध उभं राहून सांगितलं, "अक्कांनी या गावाला पुराबद्दल जागं केलं!" मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला. दत्ता पिंडापुढं हात जोडून म्हणत होता, "आई, तुझी सगळी इच्छा पुरी करीन." दुसरं कुणीतरी म्हणालं, "अक्का, तुमच्या नावाची कमान बांधू." कावळा हलला नाही. कमानीला कोण हलेल?

तेवढ्यात माझ्या कमरेचा फोन थरथरला. रामभाऊ.

"वैनी, रातभर डोंगरात लई पडलाय. सांडवा आत्ता सुटला. वीतभर जाडीनं पडतंय."

"किती वेळ झाला?"

"आत्ता! हितंच उबा हाय मी."

या वेळी मी आभाळाकडं नाही बघितलं. सतरंजीवरच्या म्हाताऱ्या बायका बघितल्या. त्यांना एकदा बसलं की उठायला दोघी लागतात. मी उठले, पुढाऱ्याच्या हातातला माईक घेतला आणि म्हटलं, "वर चढा."

कुणी हललं नाही. सगळ्यांनी एकदम माना वर करून आभाळ बघितलं. ऊन होतं. मागून कुणीतरी "भोंगाबाई दुसरी" म्हणालं, चार-पाच जण खुसखुसले. महाराज समजुतीनं म्हणाले, "माउली, काकस्पर्श झाल्याशिवाय उठता येत नाही." दत्ता जवळ येऊन दात-ओठ खात म्हणाला, "काकू, आजच्या दिवशी तरी! खाली बसा."

मी परत ओरडले. फोन आलाय म्हणून सांगितलं, सांडवा म्हणून सांगितलं, शांताचं नाव घेतलं. माणसं ऐकून घेत होती, माना डोलावत होती आणि कावळ्याकडं बघत होती. पाच मिनिटं गेली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ही माणसं कावळ्यासाठी बसलीत, कावळा येणार पिंडासाठी. मग पिंडच वर गेले तर?

मी पत्रावळ उचलली. बाईमाणसानं, तेही धाकट्या जावेनं, पिंडाला हात लावला! "आगं आगं आगं!" झालं, मग "धरा तिला!" झालं. मी पदर खोचला आणि पळाले. छप्पन्नाव्या वर्षी, अक्का, ह्या गुडघ्यांनी, मारुतीच्या देवळापर्यंतचा सगळा चढ. माझ्या मागं दत्ता, त्याच्या मागं भाऊबंद, त्यांच्या मागं सगळं गाव. म्हाताऱ्यासुद्धा उठल्या, असला तमाशा खाली बसून कसा दिसणार? कुणी पाण्याला भिऊन नाही आलं. मला धरायला आले, मारायला आले. येऊ दे की! वर आले ना?

देवळाच्या पायरीवर दत्तानं माझा दंड धरला. पिंड माझ्या हातातच फुटले होते, भात बोटांतून गळत होता. तो रागानं काहीतरी बोलायला गेला आणि एकदम लहान पोरासारखा रडायला लागला. "माझ्या आईचं एवढं एक शेवटचं होतं काकू." मी फुटके पिंड परत पत्रावळीत गोळा केले. कावळा उडून गेला होता. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून फुटक्या पिंडाला शिववला आणि उरकलं.

अर्ध्या तासानं पाणी आलं. आधी शेणाकाट्याचा फेस, मग पाणी.

घोटाभर.

खोटं कशाला सांगू, घोटाभरच. वाळूनं वाटेत सगळं पिऊन टाकलं होतं. सतरंज्या भिजल्या, एक प्लॅस्टिकची खुर्ची आडवी झाली आणि पुढाऱ्याची एक चप्पल वाहून गेली. गाव काठावर उभं राहून ते बघत होतं. कुणीतरी म्हणालं, "एवड्यासाटी?" आणि हशा पिकला.

मी घरी आले, तुमच्या खाटेवर बसले आणि भडभडून रडले. लाजेनं नाही. तो हशा कानात होता, आणि मला कळलं की हा तुम्ही एकटीनं वर्षानुवर्षं ऐकला, आणि त्यात माझाही आवाज होता. हशा ऐकून तुम्ही घरी यायचात, चूल पेटवायचात, आणि पुढच्या फोनला परत भोंगा वाजवायचात. कुठून आणायचात ती हिंमत? मला एका हशातच नको झालं. तुमच्यासारखी बाई एका घरात मिळाली आणि मी तिच्याशी सांडपाण्यावरनं भांडले.

तेराव्याचं जेवण झालं आणि देवळात बैठक बसली. विषय मी. दत्ता म्हणाला, "काकू, जे झालं ते झालं. भोंग्याची किल्ली पंचायतीत द्या. वरून रीतसर सूचना आली तर शिपाई वाजवील."

"शिपाई पाच वाजता घरी जातो. शनिवार-रविवार नगरला असतो. ओढ्याला सुट्टी असते का रे?"

"आणि गावाची माफी मागा," एक भाऊबंद म्हणाला.

मी दत्ताकडं वळले. "दत्ता, तुझ्या आईचा दहावा माझ्या हातून मोडला. तुझ्यापुढं हात जोडते. तुझ्यापुढं, गावापुढं नाही. गाव कोरड्या अंगानं वर बसलं होतं, त्याची कसली माफी? घोटाभर आलं म्हणून हसलात. पुरुषभर आलं असतं तर हसायला कोण उरलं असतं? किल्ली मी देत नाही. पुन्हा फोन आला तर पुन्हा उठवीन. कुणाचा दहावा असो, कुणाचं लग्न असो. अक्षता हातात असतील तर अक्षतांसकट उठवीन!"

गलका झाला. तो थांबायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "मागच्या वर्षी रेंज होती. फोन आलता. मी आभाळ बघत बसले."

सखूबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आपल्या वाकड्या हाताकडं बघितलं. उठली आणि निघून गेली. दाराशी गेले तरी ती अजून माझ्याशी बोलत नाही. तिचा हक्कच आहे. पण किल्ली मागायला त्या दिवसापासून कुणी आलेलं नाही. दत्ताही सावेडीला जाताना पाया पडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामभाऊ दुधाचे कॅन घेऊन गावात आला. मी चहा दिला. म्हटलं, "भाऊ, सखूबाईचं तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुम्ही कुणाला बोलला नाहीत, उपकार झाले."

त्यानं बशीतला चहा फुंकला. "कुनाला म्हंजी? आक्काला म्या तवाच सांगितल्तं. तिनं दवाखान्यातनं फोन करून इचारलं हुतं मला."

"कधी? मी भेटायच्या आधी?"

"आदल्याच दिशी. म्या म्हनलं, आक्का, किल्ली दुसऱ्या कुनाला द्या. तर मलाच वरडली. म्हनली, 'दुसरा आनि एकदा चुकंल. हिची चूक करून झालीया. ही आता आभाळाकं बगायची न्हाई.'"

सगळं ठाऊक असताना तुम्ही माझ्याकडून पाठ खाजवून घेतलीत, अक्का! काय म्हणावं तुम्हाला? वर्षभर ते खोटं मी छातीवर धोंड्यासारखं वागवलं, आणि तुम्ही रोज माझ्यासमोर बसून शेंगा फोडत होता. एकदा म्हणायचं तरी, 'मंदे, येडी का खुळी.' मी तेव्हाच पाय धरले असते. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून दहाव्याला पिंड उचलायच्या आधी मी आभाळ बघितलं नाही. हे तुम्ही आधीच ओळखून होता की काय? आपला वाद तुम्ही जिंकलात, घ्या. पण समोरासमोर हरायला मला जास्त आवडलं असतं.

गावात आता नवीन कुजबुज आहे. खरा कावळा शिवला नाही, म्हणजे अक्काचा जीव कशात तरी अडकलाय. दत्ता फोनवर म्हणाला, गुरुजींना विचारून काहीतरी शांती करून घेऊ. मी त्याला सांगितलं, काही करू नकोस.

अडकलाय तर अडकू दे. सकाळपासून डोंगरात गडगडतंय, आणि इथं माझ्या अंगणात असलं ऊन पडलंय की डोळे दिपतात. सांडव्यावर रामभाऊ आहे, भोंग्यापाशी मी आहे. मधल्या सगळ्या वाळूवर नजर ठेवायला माणूस नाही. तिथं बसा, अक्का. तुमच्या मुक्तीचं पावसाळा सरल्यावर बघू.